आंधी ओसरल्यावर फडकं हातात घेऊ नका

मे महिन्यातली संध्याकाळ. पश्चिमेकडचं आभाळ आधी पिवळट होतं, मग तांबूस. दारं-खिडक्या आपटायला लागतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होऊन जातात. आंधी ओसरली की माणसं बाहेर येतात. कुणाच्या हातात जुना बनियन, कुणाच्या हातात धोतराचा तुकडा, कुणाच्या हातात बाजारातलं पिवळं फडकं. गाड्या पुसून होतात, चमकतात, आणि सगळे समाधानानं घरात जातात.

माझ्या बाबांनी आमच्या पहिल्या गाडीची अशीच निगा राखली. रोज सकाळी, चहाच्याही आधी, कोरड्या फडक्यानं पूर्ण गाडी पुसायची. एक दिवस चुकला नाही. सहा वर्षांनी त्या गर्द निळ्या गाडीच्या बॉनेटवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडला की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसायचे, आणि दिवसा रंग दुधाळ वाटायचा. बाबा म्हणायचे, ऊन लागलं. ऊन लागलं होतंच. पण ते जाळं उन्हानं विणलेलं नव्हतं.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. नुसती बसलेली कोरडी धूळ गाडीच्या रंगाचं फारसं काही बिघडवत नाही. ती घासली की बिघडवते. हे पक्कं ध्यानात ठेवलंत, तर पुढचं सगळं सोपं आहे.

रंग किती पातळ आणि धूळ किती कठीण

आजच्या गाड्यांवर पत्र्यापासून वर साधारण चार थर असतात: गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. चकाकी त्याचीच, आणि अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यंही त्याच्यातच असतात. तो झिजला की खालचा रंग उघडा पडतो, आणि मग कुठलंही पॉलिश त्याला परत आणू शकत नाही.

आता धूळ. ग्वाल्हेर काही वाळवंट नाही, पण उन्हाळ्यात राजस्थानकडून येणारी धूळ, चंबळच्या खोऱ्यातली पिठासारखी माती, आणि आपल्याकडच्या वालुकाश्माची, गिट्टीच्या क्रशरची भुकटी हे सगळं आपल्या छपरांवर आणि गाड्यांवरच उतरतं. वाळू आणि वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ. खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोसच्या काठिण्यमापनात क्वार्ट्‌झ ७ वर येतो. खिडकीची काच साधारण साडेपाचवर. जो कण काचेवर ओरखडा काढतो, त्याच्यापुढे क्लिअर कोटचा काय पाड? कोरडं फडकं फिरवताना आपण तेच कण बोटांच्या दाबानं रंगावर फिरवत असतो. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर चरे दिसत नाहीत इतकंच, होतात तेवढेच. विश्वास बसत नसेल तर रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटपासून फूटभर अंतरावर धरून बघा.

आंधी गेल्यानंतर लगेच

काहीही करू नका, हे पहिलं काम. गाडी त्या दिवशी मळकी दिसली तरी चालेल. ऑफिसला जायचंच असेल तर काचा तेवढ्या साफ करा, त्याही आधी पाणी ओतून. कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. वायपरच्या रबराखाली अडकलेला एक खडा काचेवर अर्धवर्तुळाकार चरा पाडून ठेवतो आणि तो रात्री समोरच्या गाडीच्या उजेडात कायम डोळ्यांत येतो.

हात न लावता धूळ काढायची असेल तर दिवाळीच्या सफाईला वापरतात तो हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर उत्तम. छतापासून सुरुवात करून वरून खाली, तिरका झोत धरायचा. नोझल पत्र्यापासून वीतभर दूर ठेवायचं. काचांच्या कडेची रबरं, आरशांच्या खाचा, वायपरखालची जाळी इथे जास्त वेळ द्या, कारण धुताना तिथूनच कण ओघळून खाली येतात. पिठासारखा शेवटचा थर ब्लोअरनं निघत नाही. तो राहू द्या. जे मोठे, टोकदार कण खरे चरे पाडतात, ते मात्र बरेचसे उडून जातात.

एका प्रसंगात मात्र थांबायचं नाही. आंधीच्या मागोमाग दोन-चार थेंब पडून गेले, की धुळीचा चिखल होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तो पत्र्यावर भाजून निघतो. थंडीतल्या दवानंही थोडं असंच होतं. अशा वेळी संध्याकाळीच, पत्रा हाताला थंड लागत असताना, नुसत्या पाण्यानं गाडी धुऊन घ्या. घासू नका, फक्त पाणी.

कमी पाण्यात नीट धुणं

तिघरा धरणाचं पाणी खाली गेलं की आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो. त्यात पाइप लावून वीस मिनिटं गाडी धुणं मला पटत नाही. त्यात दोनशे लिटर पाणी सहज जातं. मी गेली काही वर्षं तीस-पस्तीस लिटरमध्ये पूर्ण गाडी धुतो. त्याला लागतं ते असं: दोन बादल्या, बागेला वापरतात तो दोन लिटरचा हातपंप, शेतीच्या फवारणीचा सोळा लिटरचा पंप (कोरा करकरीत, ज्यात एकदाही औषध भरलेलं आहे तो चालणार नाही), गाडीचा शॅम्पू, मायक्रोफायबरचा वॉश मिट (धुण्याचा हातमोजा) आणि सुकवायला मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल.

वेळ सकाळी सहा-साडेसहाची, सावलीत. तळहात बॉनेटवर ठेवून बघा. चटका सोडा, नुसता कोमट लागला तरी थांबा. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू सुकतो आणि त्याचे डाग घासून काढताना पुन्हा तेच चरे.

आधी फवारणी पंपानं वरून खाली नुसतं पाणी. घाई करू नका, साताठ लिटर इथेच जाऊ द्या. धूळ ओघळताना दिसते. आधी गढूळ पाणी येतं, मग स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत हात लावायचा नाही. मग हातपंपात पाणी आणि थोडा शॅम्पू घालून सगळ्या गाडीवर फेस मारा आणि तीन-चार मिनिटं तसाच राहू द्या. या मिनिटांत चिकटलेली धूळ फुगून सुटते. वाळायच्या आत पुन्हा पाण्याचा फवारा मारून ती खाली घालवा. इथवर गाडीला कापडाचा स्पर्श झालेला नाही, आणि निम्म्याहून जास्त मळ निघालेला आहे.

आता मिट. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट शॅम्पूत बुडवायचा, छताचा एक भाग पुसायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, आणि तेव्हाच पुन्हा शॅम्पूत. दर वेळी. कंटाळवाणं आहे, पण ही एक सवय लावलीत तर बाकीच्या दहा गोष्टी चुकल्या तरी गाडी वाचते. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. माझ्या बादलीच्या तळाशी दर वेळी चिमूटभर रेती बसलेली असते. बोटांच्या चिमटीत घेतली तर कचकच लागते. ती रेती मिटमध्ये राहिली असती तर थेट दारावर फिरली असती.

हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. क्रम छत, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, आणि चाकांना वेगळं कापड. मिट हातातून जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. कितीही झटकला तरी बाद.

शेवटी स्वच्छ पाणी मारून लगेच सुकवा. टॉवेल पसरून पत्र्यावर ठेवायचा, वरून हलकेच थोपटायचा, उचलायचा. पाणी आपोआप शोषलं जातं. ओढत नेऊ नका.

रोजच्या हलक्या धुळीसाठी रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं. बादलीभर पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकायचं, त्यात आठ-दहा मायक्रोफायबर कापडं भिजवायची. पत्र्यावर तेच द्रावण आधी फवारून मिनिटभर थांबायचं, मग ओलं कापड एका दिशेनं एकदाच फिरवायचं. कापडाची चौघडी घातली की आठ बाजू मिळतात. प्रत्येक बाजू एकदाच वापरायची. दहा लिटरमध्ये गाडी होते. आंधीच्या जाड थरावर मात्र हे नको.

कपड्यांचा साबण, भांड्यांचं लिक्विड वापरू नका. रंगावर लावलेला मेणाचा किंवा सीलंटचा संरक्षक थर ते झपाट्यानं झिजवतात. आणि चकाकीसाठी रॉकेल किंवा डिझेलचा हात मारून देणारे अजूनही आहेत. त्या तेलकटपणावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ चिकटते.

पांढरे डाग कुठून येतात

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. थेंब सुकला की पाणी जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. उन्हात हे डाग क्लिअर कोटमध्ये रुतत जातात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून, कापड भिजवून मिनिटभर डागावर ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्या घराच्या खिडकीला कूलर आहे आणि गाडी त्याच्याच खाली लागायची. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर दर उन्हाळ्यात खडीसारखे पांढरे ठिपके यायचे, आणि मी दोन वर्षं पक्ष्यांना दोष देत राहिलो. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत राहतात, त्यामुळे कूलरचा थेंब नळाच्या थेंबापेक्षा कितीतरी जड असतो. गाडी चार फूट पुढे लावली आणि ठिपके थांबले. आरओचं टाकाऊ पाणी वाचवून गाडीला वापरणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण त्यातही क्षार जास्तच असतात. पहिल्या फवाऱ्याला ते चालेल, शेवटच्याला नको. शेवटच्या पाण्यासाठी एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी स्वच्छ बादलीत धरा. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते थोडंच मिळतं, पावसाळ्यात मात्र बादल्या भरतात.

मेण, सीलंट, सिरॅमिक, फिल्म

इथे दुकानदार भरपूर बोलतात, म्हणून मी माझं मत स्पष्ट सांगतो.

कार्नोबा मेण सुंदर दिसतं, पण त्याचा वितळबिंदू ८२ ते ८६ अंश. आपल्या उन्हात गडद गाडीचा पत्रा ७० अंशांच्याही वर जातो. मेण मऊ पडतं आणि काही आठवड्यांत संपतं. हिवाळ्यात, लग्नसराईसाठी लावा. उन्हाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

कृत्रिम पॉलिमरचं सीलंट उष्णता जास्त सोसतं, चार-सहा महिने टिकतं, आणि घरी लावता येतं. बहुतेकांना मी हेच सुचवतो. वर्षातून दोनदा: एकदा रंगपंचमी झाल्यावर, आंधीच्या आधी; आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, पावसाचा मळ उतरवून. गाडी धुऊन पूर्ण सुकवा. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बारनं (रुतलेला मळ ओढून घेणाऱ्या मऊ वडीनं), भरपूर वंगण द्रव मारत, दाब न देता ती काढा. स्टेशनाच्या पार्किंगमध्ये गाडी रोज लागत असेल तर रुळांवरची लोखंडी भुकटी बसून बारीक नारिंगी ठिपके पडतात. त्यांना आयर्न रिमूव्हर लागतो. तो फवारल्यावर जांभळा होऊन ओघळतो. मग सावलीत, एका वेळी एकच भाग घेऊन सीलंटचा अगदी पातळ थर. जाड थरानं जास्त संरक्षण मिळत नाही, पुसायचा त्रास तेवढा वाढतो.

सिरॅमिक कोटिंग चांगलं आहे, पण ते काय करतं ते समजून घ्या. त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन. धूळ कमी चिकटते आणि पाण्यानं लवकर सुटते, त्यामुळे घासावं कमी लागतं. खरा फायदा हाच. जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलच्या काठिण्याचं माप आहे, मोसचं नाही. क्वार्ट्‌झचा कण सिरॅमिकवरही चरा पाडतो. सिरॅमिक लावून कोरडं फडकं मारणाऱ्याचे पैसे वाया गेले. आणि लावण्याआधी पत्र्यावरचे जुने चरे काढलेच पाहिजेत, नाहीतर ते वर्ष-दोन वर्षं त्या थराखाली दिसत राहतात.

दगड आणि रेतीच्या माऱ्यासमोर खरी टिकते ती पेंट प्रोटेक्शन फिल्म. दीडशे-दोनशे मायक्रॉनचा, मार सोसणारा पारदर्शक थर. पूर्ण गाडीला फार महाग पडते. पुढचा बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरसे, दाराच्या हँडलमागची खाच आणि उंबऱ्याची पट्टी एवढ्याच जागी लावा. आग्र्याकडे किंवा झाशीकडे हायवेनं नेहमी जाणाऱ्याला हा खर्च पटेल.

गाडीचा एखादा भाग नव्यानं रंगवला असेल तर महिना-दोन महिने त्यावर मेण, सीलंट, सिरॅमिक काहीही नको. रंगातली द्रव्यं उडून तो पक्का होऊ द्या.

कव्हर

कव्हर फक्त धुतलेल्या गाडीवर. एकदा आंधीचे ढग बघून मी घाईघाईनं धुळकट गाडीवरच कव्हर ओढलं, दोऱ्या आवळल्या आणि निश्चिंत झोपलो. रात्रभर वारा कव्हर फडफडवत होता. सकाळी डिकीच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि छताच्या कडेला रंग पॉलिश पेपर मारल्यासारखा मंद झाला होता. त्या कोपऱ्यांची चकाकी पूर्णपणे परत आली नाही. उघड्यावर, रोज धूळ बसणाऱ्या जागी कव्हरपेक्षा शेडची सावली कितीतरी बरी. शेड नसेल तर घराची पूर्वेकडची भिंत बघा. दुपारनंतरचं कडक ऊन तिथे पोचत नाही.

झाडाची सावली सगळ्यांना हवी असते. निंब चालेल, पण जून-जुलैत निंबोळ्या पडायला लागल्या की जागा बदला. कबुतरं बसतात त्या तारांखाली, मोराच्या मुक्कामाच्या झाडाखाली गाडी नको. विष्ठेत युरिक आम्ल असतं, आणि ४५ अंशांच्या उन्हात क्लिअर कोट मऊ पडलेला असताना ती काही तासांत खळगा पाडते. संध्याकाळची वाट बघू नका. टिश्यू पेपर पाण्यात भिजवून डागावर ठेवा, पाच मिनिटं मऊ होऊ द्या, मग चिमटीनं उचला. ओल्या टिश्यूचं पाकीट आणि छोटी पाण्याची बाटली माझ्या गाडीत कायम असते.

खंडेनवमी आणि रंगपंचमी

खंडेनवमीला गाडीची पूजा होणारच, आणि व्हावी. हळद-कुंकवाचं स्वस्तिक काचेवर किंवा नंबर प्लेटवर काढा, बॉनेटच्या रंगावर नको. हळदीचा डाग उन्हानं फिका होतो, पण बाजारातल्या कुंकवातला रंग तसा जात नाही. झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर गाडी चालताना ती तार बॉनेटच्या कडेवर घासत राहते. आमच्याकडे आई आता हार सुती दोऱ्यातच ओवते, आणि टोकं ग्रिलला बांधते.

गुलाल किंवा कोरडा रंग गाडीवर पडला तर त्यावर लगेच पाणी ओतू नका. तो विरघळून रबरांच्या फटीत आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये मुरतो. आधी ब्लोअरनं उडवा, मग पाणी.

झालेले चरे आणि टवके

गॅरेजवाले सरसकट ‘रबिंग-पॉलिश’ सुचवतात. प्रत्येक रबिंगमध्ये क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कमी होतात, आणि तुमच्याकडे एकूण चाळीसेक. दर सर्व्हिसिंगला करून घेतलं तर काही वर्षांत कडांवर रंग उघडा पडेल. गाडीच्या आयुष्यात दोन-तीनदा, नीट हात बसलेल्या माणसाकडून, ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिश मशीननं, आणि आधी जाडीमापकानं पत्रा मोजून. मोजायला नकार देणाऱ्याकडे गाडी देऊ नका. नखाला अडकणारा खोल चरा पॉलिशनं जात नाही.

दगड लागून टवका उडाला असेल तर पावसाच्या आधी टच-अप पेननं भरा. कोरड्या उन्हाळ्यात उघडा पत्रा तग धरतो, पहिल्या सरींनंतर मात्र गंज धरतो. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा इंजिनजवळच्या पट्टीवर असतो. नुसतं ‘लाल’ सांगून पेन घेऊ नका.

खऱ्या वाळवंटात जाणार असाल तर

सुट्टीत इथून बरेच जण गाडीनं जैसलमेरला जातात. तिथली वाळू आपल्या धुळीपेक्षा वेगळी वागते. जाड कण वाऱ्यानं उंच उडत नाहीत, उड्या मारत जमिनीलगत, बहुतेक गुडघा-कमरेच्या उंचीखालीच जातात. म्हणून मार बसतो तो बंपर, उंबऱ्याची पट्टी आणि दारांच्या खालच्या भागाला. निघण्यापूर्वी तिथे सीलंटचा ताजा थर द्या. वादळ आलं तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाजूला घेऊन, शक्य तर वाऱ्याकडे पाठ करून थांबा. पुढची काच आणि हेडलाइट वाचतात. वेगानं वाऱ्यावर जाणं म्हणजे रंगावर आपणच रेती मारून घेणं. परतल्यावर चाकांच्या कमानीच्या आतली वाळू आधी पाण्यानं पाडा, गाडी नंतर.

रोज पुसायला येणारा मुलगा

तुमची गाडी तुम्ही स्वतः धुवत नसाल तर वरचं सगळं त्याच्या हातात आहे. तो सकाळी दहा-बारा गाड्या करतो, एकाच बादलीत, एकाच फडक्यानं; शेजारच्या गाडीच्या चाकाची रेती तुमच्या दारावर येते. आमच्याकडे येणाऱ्याला मी म्हटलं की रोज पुसू नकोस, तर तो घाबरला: “साहब, पैसे कम कर दोगे?” मी महिन्याचे पैसे तेच ठेवले. दोन बादल्या, मिट, टॉवेल आणि फवारणीचा पंप जिन्याखाली ठेवून दिले आणि दोन रविवार त्याच्यासोबत उभा राहून गाडी धुतली. पहिल्या दिवशी बादलीच्या तळाची रेती त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती अंगठ्यानं चोळून बघितली आणि काही बोलला नाही. आता तो आठवड्यातून दोनदाच येतो. आंधीच्या दुसऱ्या दिवशी गाडीवर बोटभर धूळ असली तरी तिला हात लावत नाही, आधी पंप भरतो.